हॉटेलातला पास्ता गिचका का होतो?

निपाणीहून विचारलेला प्रश्न असा आहे : बेळगाव, निपाणी, गोकाक या भागांतील हॉटेलांत किंवा कॅफेंत पास्ता मागवला, तर तो बहुधा काट्याने उचलतानाच मोडतो, तुकडे एकमेकांना चिकटलेले असतात आणि सॉस पिठल्यासारखा घट्ट झालेला असतो. घरी मात्र त्याच प्रकारचे पाकीट आणून त्यावर लिहिलेल्या वेळेप्रमाणे उकळले, तर पास्ता दाताखाली नीट लागतो. मग रोज हेच काम करणाऱ्या आचाऱ्याला एवढी साधी गोष्ट का साधू नये, आणि पैसे देऊन खाणाऱ्याने यावर काय करावे?

आचाऱ्याला पास्ता उकळता येत नाही, हे याचे उत्तर नव्हे. बेळगाव परिसरातील हॉटेलांच्या भटारखान्यांत मी आयुष्याचा बराचसा काळ घालवला आहे, आधी भट्टीवर उभा राहून आणि नंतर संपूर्ण भटारखाना सांभाळून. त्यावरून माझे मत असे झाले आहे की पातेल्यातून निथळून काढतेवेळी पास्ता बहुतेक ठिकाणी ठीकच असतो. तेथून ताटात पडेपर्यंत तो आणखी तीन-चार वेळा शिजतो : निथळून ठेवल्यावर स्वतःच्या उष्णतेने, फ्रीजमध्ये अंगात मुरलेल्या पाण्याने, मग सॉसमध्ये, आणि पार्सल असेल तर डब्यात. घड्याळ लावून मोजले जाते ते फक्त पहिले शिजणे. पुढच्या शिजण्यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही, कारण ते ठेवणे, गरम करणे आणि पोहोचवणे आहे, शिजवणे नव्हे, असेच सगळ्यांना वाटत असते.

हे नीट समजण्यासाठी सुक्या पास्त्याच्या पोटात काय घडते ते आधी पाहावे लागेल. चांगला सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. हा गहू कणखर, पिवळसर आणि भरपूर प्रथिने असलेला असतो. कर्नाटकात उपम्यासाठी जो बन्सी रवा मिळतो, तो याच जातीचा. इटलीने १९६७ साली कायदा करून आपल्याकडील सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असावा असे बंधन घातले. १९८८ साली युरोपीय न्यायालयाच्या निकालाने बाहेरून येणाऱ्या मऊ गव्हाच्या पास्त्याला तेथे विक्रीची मुभा मिळाली, तरी इटलीतील उत्पादकांवरचे बंधन कायम राहिले. या आग्रहामागचे कारण शिजवताना कळते. रवा मळताना ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांची, जाळी तयार होते आणि तिच्यात स्टार्चचे कण अडकून बसतात. उकळत्या पाण्यात पडल्यावर दोन गोष्टी एकदमच सुरू होतात : साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात आणि प्रथिनांची जाळी उष्णतेने आवळत जाते. जाळी वेळेवर आवळली, तर फुगलेले कण तिच्यातच कोंडलेले राहतात आणि पास्ता मऊ होऊनही ताण राखतो. ती दुबळी असली, किंवा चांगली असूनही गरम पाण्यात फार वेळ राहिल्याने सैल पडली, तर कण फुटतात, त्यांतला स्टार्च बाहेर झिरपतो, पृष्ठभाग बुळबुळीत होतो आणि तुकडे एकमेकांना धरून बसतात.

पाणी बाहेरून आत जाते आणि त्याला वेळ लागतो. उकळत असलेल्या पेन्नेचा, म्हणजे नळीच्या आकाराच्या पास्त्याचा, तुकडा आडवा कापून पाहिल्यास भिंतीच्या मधोमध एक पांढुरकी रेषा दिसते. तेथपर्यंत पाणी अजून पोहोचलेले नसते. ही रेषा केसाएवढी उरते, तेव्हाच्या अवस्थेला इटालियन लोक ‘अल देन्ते’ म्हणतात. त्या वेळी १०० ग्रॅम सुक्या पास्त्याचे वजन २०० ग्रॅमच्या थोडे वर गेलेले असते. बाहेरचा थर पाण्याने भरलेला आणि गाभा अजून किंचित कोरडा, हा फरकच दाताला जाणवतो. ११ मिनिटांच्या पेन्नेत ही अवस्था फार तर दीड मिनिट टिकते, बारीक स्पॅगेटीत त्याहूनही कमी. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे : आतबाहेरचा फरक मिटवायला उकळीची गरज नसते. बाहेरच्या थरातले पाणी विस्तव बंद झाल्यावरही गाभ्याकडे सरकतच राहते.

आता भटारखान्यातला व्यवहार पाहू. शनिवारी रात्री साडेआठला बेळगावच्या टिळकवाडीतील किंवा कॅम्पातील एखाद्या मध्यम हॉटेलात मेन्यूवर डोशापासून पनीर, चायनीज, पास्ता, पिझ्झा असे सगळे असते; भट्ट्या मात्र चार-पाचच असतात. त्यांतल्या एकीवर १० लिटर पाणी सतत उकळत ठेवायचे, म्हणजे ती पास्त्यापुरती अडकली. एवढे पाणी उकळीला आणायला साध्या भट्टीवर साधारण दीडशे ग्रॅम गॅस जळतो आणि पुढे वाफ होऊन उडणाऱ्या प्रत्येक लिटरमागे आणखी शंभर ग्रॅमच्या आसपास जातो. १९ किलोच्या सिलिंडरचा भाव ज्याला तोंडपाठ आहे, असा मालक रात्रीच्या चार प्लेट पास्त्यासाठी तीन तास उकळी चालू ठेवू देत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. दुसऱ्या बाजूला, ऑर्डर दिल्यापासून पंधरा मिनिटांत ताट समोर आले नाही, तर ग्राहक वेटरकडे पाहू लागतो. सुका पेन्ने कोरडा असताना टाकला, तर अकरा मिनिटे पाण्यात, दोन मिनिटे सॉसमध्ये, वर ताट भरणे आणि नेणे. पाणी आधीच उकळत असेल तरच हे पंधरा मिनिटांत बसते. म्हणून आधी उकळून ठेवणे आले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गर्दीच्या वेळी इटलीतील खाणावळीही पास्ता अर्धवट शिजवून ठेवतात. सगळा प्रश्न किती शिजवून ठेवायचा, एवढाच आहे.

आपल्याकडे हे ‘किती’ कोठून आले, याचा विचार फारसा होत नाही. आपल्या हॉटेलांत चायनीज आधी रुजले आणि पास्ता मागाहून आला. आला तेव्हा तो बहुतेक ठिकाणी चायनीजच्या भट्टीवरच सोपवला गेला. आजही अनेक भटारखान्यांत नूडल्स परतणारा आचारीच पास्ता करतो. हाक्का नूडल्सची रीत अशी असते : सकाळी पूर्ण उकळायच्या, थंड पाण्याखाली धरायच्या, तेल चोळून ट्रेमध्ये पसरायच्या आणि ऑर्डर आली की प्रखर आचेवर कढईत परतायच्या. नूडल्सना ही रीत शोभते, कारण तापलेल्या कोरड्या कढईत त्यांच्यातले पाणी कमी होते आणि सकाळी थोड्या जास्त शिजल्या असल्या तरी परतताना त्या सावरतात. तीच रीत पास्त्याला लावली की गणित उलटे होते. पास्ता कोरड्या कढईत जात नाही, सॉसमध्ये जातो, आणि सॉस म्हणजे बहुतांशी पाणीच. सकाळी पूर्ण शिजलेला पास्ता तेथे पाणी गमावण्याऐवजी आणखी पितो. वास्तविक याचे अचूक ज्ञान त्याच भटारखान्यात दुसऱ्या हाताशी असते. बिर्याणी करणारा आचारी दमाला लावायचा तांदूळ तीन-चतुर्थांशाच्या आसपास शिजला की उपसतो, कारण उरलेले काम दमात होणार हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पास्ता आला तेव्हा तो त्याच्याकडे सोपवला गेला असता, तर हा प्रश्न कदाचित विचारावाच लागला नसता.

उकळून काढणे आणि ऑर्डर येणे यांच्या मधल्या काळात जे होते, त्याकडे सर्वांत कमी लक्ष असते. पाच किलो पास्ता एकदम निथळून खोल पातेल्यात ओतला, तर ढिगाच्या पोटातला भाग बराच वेळ वाफेवर शिजत राहतो. वरचा थर बरा आणि तळाचा लगदा, असे दोन वेगळे पास्ते झाऱ्याने एकत्र कालवले जातात आणि मग एकाच ताटात दोन्ही येतात. वरून सोडलेले तेल तुकडे चिकटू देत नाही हे खरे, पण ते शिजणे थांबवत नाही. उलट जास्त झाले तर नंतर सॉस अंगाला धरत नाही आणि ताटाच्या तळाशी जमा होतो. फ्रीजमध्ये गेल्यावर आणखी एक फसगत होते. शिजलेला स्टार्च थंडीने पुन्हा आवळतो, त्यामुळे फ्रीजमधून काढलेला पास्ता बोटाने दाबून पाहिला तर कडक लागतो. आचाऱ्याला वाटते, अजून बराच शिजायचा आहे, आणि तो सॉसमध्ये चार-पाच मिनिटे ठेवतो. प्रत्यक्षात तोपर्यंत पाणी गाभ्यापर्यंत सारखे पसरलेले असते आणि थंडीने आलेला कडकपणा गरम झाल्याबरोबर उतरतो. त्यानंतरचे प्रत्येक मिनिट केवळ जाळी सैल करण्याचे असते. एप्रिल-मे महिन्यांत पास्ता दुपारभर ओट्यावर राहिला, तर चवीपलीकडचाही धोका असतो : बॅसिलस सिरियस हा जिवाणू शिजलेल्या भातात वाढतो तसाच पास्त्यातही वाढतो आणि त्याचे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही.

आमच्या भागात सर्वाधिक खप व्हाइट सॉसचा आणि त्याच्या खालोखाल टोमॅटो व व्हाइट सॉस एकत्र केलेल्या गुलाबी सॉसचा आहे. दुर्दैवाने पास्त्याची परीक्षा पाहणारा सॉसही हाच. लोणी, मैदा आणि दूध यांचा हा सॉस सकाळी करून डब्यात भरून ठेवलेला असतो व थंड झाल्यावर गोळा होतो. ऑर्डर आली की थंड सॉस आणि थंड पास्ता कढईत एकत्र पडतात. दोन्ही गरम होईपर्यंत चार मिनिटे जातात, तोवर पास्ता सॉसमधले पाणी ओढतो आणि स्वतःचा स्टार्च सोडतो, म्हणून सॉस आणखी घट्ट होतो. मग दूध घालायचे, पुन्हा उकळी आणायची, वर चीज किसायचे, ते वितळेपर्यंत पुन्हा थांबायचे. सॉस आधी एकटा गरम करून, पास्त्याच्या पाण्याने हवा तितका सैल करून, मग त्यात पास्ता टाकला, तर हेच काम एका मिनिटात होते. केवळ हा क्रम बदलल्याने ताटात किती फरक पडतो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. टोमॅटोच्या आंबट सॉसमध्ये पास्ता किंचित हळू मऊ होतो, म्हणून गाफील भटारखान्यातूनही लाल सॉसचा पास्ता जरा बरा येतो.

मालाचाही दोष असतो, पण तो समजला जातो तेवढा मोठा नाही. घाऊक बाजारात मिळणारा स्वस्त सुटा पास्ता पुष्कळदा मैद्याचा किंवा मैदा मिसळलेला असतो. त्याची जाळी दुबळी, म्हणून उकळताना पाणी लवकर दुधाळ होते आणि कच्चा ते लगदा हे अंतर मिनिटभरात ओलांडले जाते. असा पास्ता पूर्ण शिजवून ठेवणे म्हणजे तो वायाच घालवणे. पाकिटावरील घटकांच्या यादीत ड्युरम गव्हाचा रवा हा एकच घटक आहे की त्यापुढे मैदाही आहे, हे खरेदी करणाऱ्याने वाचले पाहिजे. अलीकडे खपलीचा पास्ताही मिळू लागला आहे, आणि आपल्या भागाला त्याचे कौतुक असणे स्वाभाविक आहे. बेळगाव, बागलकोट, विजयपूर या पट्ट्यात खपली गहू पूर्वापार पिकतो, त्याची खीर लग्नकार्यात होते आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके १०२५, डीडीके १०२९ यांसारख्या त्याच्या सुधारित जाती दिल्या आहेत. खिरीला आणि शेवयांना तो उत्तमच. मात्र खपलीचे ग्लुटेन ड्युरमपेक्षा नाजूक असते, त्यामुळे तिच्या पास्त्याला ड्युरमचे वेळापत्रक लावू नये. तो ताजा उकळून लगेच वाढावा, शिजवून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये.

यापुढचे कारण सांगताना ग्राहकाला थोडे दुखवावे लागेल. नीट शिजलेला पास्ता आमच्याकडे परत येतो. “हे शिजलंय काय वो?” असे वेटरला विचारले जाते आणि ताट भटारखान्यात येते. ताट परत आले की मालकाचे लक्ष जाते. गिचका पास्ता मात्र मुकाट्याने खाल्ला जातो आणि त्याची तक्रार आचाऱ्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. अशी काही ताटे परत आली की ‘दोन मिनिटे जास्त ठेवा’ असा हुकूम निघतो, आणि आचारी बदलला तरी हुकूम मागे राहतो. मऊ पास्ता आवडणे हा काही अपराध नव्हे. खुद्द इटलीतही नेहमीच ताठ पास्ता खाल्ला जात होता असे नाही. १५व्या शतकातील तेथील पाककृतींत मॅकरोनी दोन तास उकळण्यास सांगितलेले आढळते, आणि आजची आवड त्यानंतर पुष्कळ काळाने, मुख्यतः नेपल्सकडून पसरली. अंडी घालून केलेला ताजा पास्ता तर मुळातच मऊ असतो, तो दोन-तीन मिनिटांत शिजतो आणि त्याच्याकडून गाभ्यातल्या ताणाची अपेक्षा करू नये. माझे म्हणणे इतकेच आहे की ठरवून मऊ केलेला आणि दुर्लक्षाने गिचका झालेला, हे दोन वेगळे पदार्थ आहेत. जाड भिंतीचा ड्युरमचा पास्ता पाकिटावरील वेळेपेक्षा दोन मिनिटे जास्त उकळून लगेच वाढला, तर तो आजी-आजोबांनाही चावता येतो आणि तरीही त्याचा आकार, कडा, पृष्ठभाग शाबूत राहतो. तिखट-लसणाचा, मक्याच्या दाण्यांचा, पनीरचा असा जो आपला पास्ता तयार झाला आहे, त्यालाही माझी हरकत नाही. जिभेने काय मागावे हे इटलीने ठरवण्याची गरज नाही.

मंगल कार्यालयांतील रिसेप्शनच्या ‘लाइव्ह’ पास्ता काउंटरबद्दल लांबलचक लिहिण्यासारखे काही नाही. पास्ता दुपारी चारला उकळला जातो, झाकणाच्या डब्यात गरमच ठेवला जातो आणि पाहुणे साडेआठला येतात. समोर ज्वाळा उडवून परतला जातो तो पास्ता तोवर शिजून संपलेला असतो.

काही गोष्टींवर मात्र नाहक खापर फोडले जाते. पाण्यात मीठ न घातल्याने पास्ता जास्त शिजतो, हा समज चुकीचा आहे. लिटरमागे १० ग्रॅम मिठाने पाण्याचा उत्कलनबिंदू अर्ध्या अंशानेही वाढत नाही, मीठ केवळ चवीसाठी, आणि ते उकळतानाच घातले पाहिजे कारण नंतर ते आत शिरत नाही. पाण्यात तेल सोडल्याने काहीच साधत नाही, ते वर तरंगते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते, म्हणजे पास्त्याला पाकिटावरील वेळेपेक्षा थोडा जास्तच वेळ लागायला हवा. उंचीमुळे तो गिचका होतो असे म्हणता येणार नाही. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी हे प्रमाण चांगले, पण त्याच्या दोन-तृतीयांश पाण्यातही सतत ढवळत राहिल्यास पास्ता उत्तम होतो. बोअरच्या पाण्याबद्दल मात्र तक्रारीत थोडे तथ्य आहे. जड आणि क्षारयुक्त पाण्यात पास्ता जास्त स्टार्च सोडतो आणि अधिक चिकटतो. उकळताना थोडा लिंबाचा रस पिळल्यास हे कमी होते.

छोट्या भटारखान्यात, वेगळी यंत्रे न घेता, हे काम कसे बसवता येते ते सांगतो. आधी आपण वापरतो त्या पास्त्याचा एक लहान घाणा उकळून सहाव्या मिनिटापासून दर मिनिटाला एकेक तुकडा कापून आणि चावून पाहावा, आणि गाभ्याची रेषा केव्हा केसाएवढी होते ते भिंतीवर लिहून ठेवावे. ब्रँड बदलला की हे पुन्हा करावे. अकरा मिनिटांचा पेन्ने असेल, तर ठेवणीसाठी तो सातव्या मिनिटाला काढावा. त्या वेळी तो खाण्याजोगा नसतो, आणि नसलाच पाहिजे. काढल्याबरोबर रुंद परातीत किंवा ट्रेमध्ये एका थरात पसरावा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यावी, किलोमागे चमचा-दोन चमचे तेल पुरे. थंड पाण्याखाली धरल्यास शिजणे लवकर थांबते हे खरे, पण सॉसला धरून ठेवणारा पृष्ठभागावरील स्टार्च धुऊन जातो. घाई नसेल तर पसरणेच चांगले. थंड होताच एकेका प्लेटचे वाटे करून फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली ठेवावेत आणि त्याच दिवशी संपवावेत. ऑर्डर आली की आधी सॉस गरम करायचा. बाजूला तीन-चार लिटर पाण्याचे लहान पातेले पुरते, दहा लिटरची उकळी लागत नाही. त्यात चाळणीतून वाटा मिनिटभर बुडवायचा, मग सॉसमध्ये टाकून पळीभर तेच पाणी घालायचे आणि दीड-दोन मिनिटांत उतरवायचे. चावल्यावर आपल्याला हवा त्याहून थोडा ताठ असतानाच उतरवायचा, कारण वेटर ताट उचलून टेबलापर्यंत नेईपर्यंत तो शिजतच असतो.

आकाराची निवडही यात मदत करते. रेघांचा पेन्ने, मळसूत्री फुसिली, रुंद नळीचा रिगातोनी हे जाड भिंतीचे प्रकार दोनदा गरम होणे सोसतात. फुलपाखरासारखा दिसणारा फारफाले मेन्यूच्या फोटोत छान दिसतो, पण त्याच्या कडा पातळ आणि मध्यावरची चुणी जाड. मधला भाग शिजेपर्यंत कडा लगदा झालेल्या असतात. स्पॅगेटी ठेवण्यासाठी नाहीच. ती वाढायची तर ताजी उकळण्याची तयारी ठेवावी, नाहीतर मेन्यूवरून काढावी. ओव्हनमध्ये भाजून देण्याच्या पास्त्यासाठी तर आणखी लवकर, निम्म्याच वेळेला उपसावे लागते, कारण ओव्हनमधली पंधरा-वीस मिनिटे पुढे आहेतच.

राहिला ग्राहकाचा प्रश्न. ऑर्डर देताना ‘ताजा उकळून द्या, दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल’ असे स्पष्ट सांगावे. बहुतेक आचारी हे आनंदाने करतात. त्यांना कोणी वेळच देत नाही, ही त्यांची खरी अडचण असते. मात्र ही विनंती साडेसात-पावणेआठपर्यंत, गर्दी सुरू होण्याआधी करावी. नऊ वाजता भट्टी मोकळी नसते आणि होकार मिळाला तरी ताटात फ्रीजमधलाच वाटा येण्याची शक्यता अधिक. भटारखान्याची माहिती नसेल, तर लाल सॉसचा किंवा नुसता तेल-लसणाचा पास्ता मागवावा, व्हाइट सॉस आणि ओव्हनमधला टाळावा. पास्ता गिचका आला, तर ते नम्रपणे वेटरला सांगावे, न खाता परतही करावा. ‘कच्चा आहे’ म्हणणाऱ्यांचे ऐकून भटारखान्याने वेळ वाढवली आहे, ‘जास्त शिजला’ म्हणणारे भेटल्याशिवाय ती कमी होणार नाही.

पार्सल मागवताना सॉस आणि पास्ता वेगवेगळ्या डब्यांत मागावेत. एकत्र कालवलेला गरम पास्ता झाकणबंद डब्यात पंचवीस मिनिटे शहापूरहून हिंडलग्यापर्यंत प्रवास करतो, तेव्हा त्याचे शेवटचे शिजणे दुचाकीवर पार पडते आणि त्याला उत्तमातला उत्तम आचारीही काही करू शकत नाही. वेगळा आणलेला सॉस घरी कढईत गरम करून, दोन चमचे पाणी घालून, वर पास्ता टाकावा आणि मिनिटभर हलवून लगेच वाढावा. वेगळे डबे देण्यास हॉटेलवाले नकार देत असतील, तर त्या दिवशी दुसरे काही मागवावे.